टार्गेट नसलेला फिजिक्स सँडबॉक्स गेम कंटाळा न येता कसा खेळायचा

फिजिक्स सँडबॉक्स म्हणजे ठोकळे, दोऱ्या, वाळू असलं सामान घेऊन हवं ते करून बघायचा मोकळा गेम, त्यात वस्तू पडतात, आदळतात त्या भौतिकशास्त्राच्या नियमांनी. ह्या गेम्समधे लेव्हल नाही, स्कोअर नाही, कोणी जिंकत नाही की हरत नाही, त्यामुळे बरेच जण हौसेने डाऊनलोड करतात, सगळं एकदा फोडून बघतात नि दुसऱ्या दिवशी उडवून टाकतात. गेम वाईट नसतो हो, काय करायचं ते फक्त तो सांगत नाही.

सुरवातीला हवा तेवढा धिंगाणा घाला, ठोकळे पाडा, स्फोट करा, ती हौस फिटू दे. मग पॉझ बटण शोधा. सगळ्यात कामाचं बटण तेच, कारण चालू गेममधे काही रचायला गेलात तर अर्धं रचून होईपर्यंत खालचं कोसळलेलं असतं.

आता एक छोटा प्रश्न घ्या. घर्षण शून्य केलं तर गाडी चढ चढेल का? (नाही चढत, चाकं जागच्या जागी गरगरतात.) आधी मनात अंदाज बांधायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग प्ले. दोरीला वजन बांधून हलकासा झोका द्या, मग वजन दहापट करा, झोक्याला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहतो, पण दोरी चौपट लांब केली की तो दुप्पट होतो. माझ्या मते खरी मजा अंदाज साफ चुकतो तेव्हाच येते. वाळू-पाण्यासारखे कण सोडून बघायचा प्रकार आवडत असेल तर 'द पावडर टॉय' बघा, फुकट आहे, ओपन सोर्स आहे (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे) आणि त्यात तापमान नि दाबसुद्धा मोजला जातो.

पण ह्यावरून खऱ्या जगाचे निष्कर्ष काढू नका. वाळूच्या साध्या गेममधे कणाला नियम एवढाच असतो की खाली जागा असेल तर खाली जा, नसेल तर तिरका घसर, म्हणून ढीग बरोब्बर 45 अंशाचा होतो, खऱ्या कोरड्या वाळूचा साधारण 30 ते 35 चा असतो. तसंच गेम सगळं तुकड्या-तुकड्यात मोजतो, बहुतेक वेळा सेकंदाला 60 वेळा, त्यामुळे वेगातली गोळी एका मोजणीत भिंतीच्या अलीकडे नि पुढच्या मोजणीत थेट पलीकडे, मधे भिंत होती हे गेमला कळतच नाही. भिंत जाड करा किंवा वेग कमी करा. हलक्या ठोकळ्यांवर एकदम जड काही ठेवलं की सगळा मनोरा थरथरायला लागतो, तेही त्यातलंच, तिथे वजनातला फरक कमी करायचा. आणि शेकडो वस्तू सोडल्या की फोन तापतो नि गेम रांगायला लागतो, मग जुन्या वस्तू पुसून टाका.

प्रश्न सुचेनासे झाले की सरळ बंद करा, ओढूनताणून खेळण्यात अर्थ नाही. कोणीतरी काम सांगितल्याशिवाय करमतच नसेल तर पूल बांधायचे गेम घ्या, तिथे ठरलेल्या बजेटमधे गाडी पलीकडे न्यायची असते.