मागच्या एक्सलमधून ऑइल गळतंय? सील बदलायच्या आधी या चुका टाळा

मागच्या हौसिंगखाली, म्हणजे एक्सलच्या लोखंडी कवचाखाली, ऑइलचा डाग दिसला की लोक थेट नवं सील घेऊनच येतात. "एवढं बसवून द्या, संध्याकाळी गाडी भाड्याला जायचीय." ब्रीदर पाहिला का, असं विचारलं तर समोरचा माझ्या तोंडाकडे बघतो.

ब्रीदर म्हणजे एक्सल हौसिंगच्या वरच्या अंगाला असलेली छोटी टोपी. गाडी पळाली की आतलं ऑइल आणि हवा दोन्ही तापतात, आणि फुगलेली हवा या टोपीतून बाहेर पडते. टोपी बुजली तर 30 अंशांवरची हवा 90 अंशांपर्यंत तापताना आतला दाब सुमारे 3 पीएसआयने वाढतो. टायरच्या मानाने हे किरकोळ. पण सीलचं काम फिरत्या शाफ्टवरचं ऑइल आत थोपवण्याचं, हवा कोंडून धरण्याचं नाही. मग ऑइल पिनियनकडून (इंजिनकडून येणारा शाफ्ट जोडतात तिथला छोटा गिअर) तरी येतं, नाहीतर चाकाकडून ब्रेकच्या ड्रममध्ये तरी उतरतं.

माझीच फजिती सांगतो. आंबा घाटातून कोल्हापूरला मासळी आणणारी एक पिकअप होती. पावसाळ्याच्या तोंडावर तिचं पिनियन सील मी बदललं. तीन आठवड्यांत पुन्हा गळती. सील डुप्लिकेट असणार म्हणून दुकानदाराला चार शब्द सुनावले आणि दुसरं बसवलं. ते पण गळलं. तिसऱ्या वेळी गाडी घाट चढून थेट माझ्याकडे आली, हौसिंगला हात लावला तर चटका बसत होता. फिलर प्लग, म्हणजे ऑइल भरायच्या भोकाचं बूच, सैल करताच सोडा बाटली उघडल्यासारखं फुस्स झालं. वर पाहिलं तर ब्रीदरवर काळ्या अंडरबॉडी कोटिंगचा जाड थर. गंज नको म्हणून मालकाने कोटिंग मारून घेतलं होतं आणि मारणाऱ्याने टोपीसकट सगळं रंगवलं होतं. टोपी काढून डिझेलमध्ये धुतली, हवा मारली. गळती थांबली. दुकानदाराकडे पुन्हा जायला मला दोन दिवस लागले.

तेव्हापासून माझी सवय: टोपी चिंधीने पुसायची आणि बोटाने हलवून पाहायची. सैल टोपीचा ब्रीदर असेल तर ती खुळखुळली पाहिजे. चिखलाने घट्ट बसली असेल तर आधी सफाई, मग सीलचं बोलू.

दुसरी चीड पाइपवाल्यांची. तापलेला एक्सल ओढ्यात बुडला की आतली हवा एकदम आकसते आणि बुडालेला ब्रीदर किंवा सील पाणी आत ओढतं. ऑइल दुधाळ चहासारखं होतं. त्यावर उपाय म्हणून ब्रीदरला पाइप जोडून वर नेणं चांगलंच. पण व्हिडिओ बघून आलेली पोरं तो चेसिसला ताणून बांधतात, आणि पहिल्याच खड्ड्यात एक्सल खाली गेला की पाइप निसटतो. स्प्रिंग पूर्ण सुटल्यावर एक्सल जिथवर लटकतो, तिथवर पुरेल एवढी ढील ठेवा. मात्र ती ढील मध्येच खाली लोंबता कामा नये. त्या झोळात ऑइल-पाणी साचतं आणि वाट पुन्हा बंद. पाइप ऑइलला टिकणारा घ्या, मत्स्यटाकीचा नको. वरचं तोंड खाली वळवा.

ऑइल फिलर भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच, तेही गाडी सपाट जागेवर असताना. "थोडं जास्त असू दे" म्हणणाऱ्यांचं जास्तीचं ऑइल ब्रीदरमधूनच बाहेर येतं.

ब्रीदरच्या जागी बोल्ट ठोकणाऱ्यांशी मी बोलत नाही.

ब्रीदर साफ असूनही गळत असेल तर मात्र सील उघडा, आणि फ्लॅंजवर, सील जिथे टेकतं तिथे, नख फिरवून बघा. खाच लागली तर नुसतं नवं सील टिकणार नाही. पिनियनचा नट उघडण्याआधी खूण करा, म्हणजे परत किती आवळायचा ते कळेल. इम्पॅक्ट गनने करकचून आवळला की बेअरिंगवरचा ताण बिघडतो आणि क्राउन (पिनियनने फिरणारा मोठा गिअर) घूं घूं करायला लागतो.

आणि ऑइल प्यायलेले ब्रेक लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवू नका. दोन्ही चाकांचे नवे टाका, नाहीतर घाट उतरताना गाडी एका बाजूला ओढेल.