लोकसभेची जागा रिकामी झाल्यावर या चुका टाळा

खासदारांचं निधन झालं किंवा त्यांनी राजीनामा दिला, की 'आता पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीतच बघू' म्हणून गप्प बसणं, ही मतदारांची सगळ्यात महागात पडणारी चूक. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १५१अ सांगतं की जागा रिक्त झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक झाली पाहिजे. अपवाद दोनच. खासदाराची मुदत वर्षभरापेक्षा कमी उरली असेल, किंवा इतक्या काळात निवडणूक घेणं अवघड आहे असं निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केलं असेल.

मोजायलाही लोक चुकतात. उरलेलं वर्ष मोजायचं ते जागा रिक्त झाली त्या दिवसापासून. २०१८ मध्ये कर्नाटकातल्या तीन जागा मे महिन्यात रिकाम्या झाल्या, तिथे नोव्हेंबरात मतदान झालं. आंध्रातल्या पाच जागा २० जूनला रिक्त झाल्या आणि लोकसभेची मुदत ३ जून २०१९ ला संपत होती. अवघ्या काही दिवसांच्या फरकाने तिथली पोटनिवडणूक टळली.

पुण्यात तर वर्षाहून अधिक मुदत शिल्लक होती. तिथले खासदार गिरीश बापट यांचं निधन २९ मार्च २०२३ ला झालं. इतर निवडणुकांची कामं आणि नव्या खासदाराला मिळणारा अपुरा काळ ही कारणं आयोगाने पुढे केली. मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली, पण तो आदेश आला १३ डिसेंबरला, म्हणजे साडेआठ महिन्यांनी. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि एवढं मोठं शहर २०२४ च्या निकालापर्यंत खासदाराविना राहिलं. मला हे आजही खटकतं. म्हणून सहा महिने उलटण्याची वाट पाहू नका. चौथ्या महिन्यातच माहिती अधिकारात विचारा: प्रमाणपत्र निघालं आहे का, आणि कोणत्या कारणाने?

खासदार अपात्र ठरला असेल तर मात्र थोडं थांबा. २०२३ मध्ये लक्षद्वीपची पोटनिवडणूक जाहीर झाली होती. अपात्र ठरलेल्या खासदाराची दोषसिद्धी, म्हणजे गुन्ह्यात दोषी ठरवणारा निकाल, केरळ उच्च न्यायालयाने स्थगित केल्यावर आयोगाने ती थांबवली.

नाव नोंदवायला उशीर करू नका. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी यादीत नाव चढत नाही. आणि विधानसभेचं मतदान त्याच दिवशी असेल, तर एकच बटण दाबून बाहेर पडू नका, मतं दोन द्यायची असतात. नांदेडमध्ये २० नोव्हेंबर २०२४ ला असंच दुहेरी मतदान होतं. लोकसभेचा निकाल लागला अवघ्या १,४५७ मतांनी.