भाड्याच्या घरात गीझर किंवा एसी बसवण्याआधी सॉकेटच्या मागे काय आहे ते पाहा

भाड्याच्या घरातील वायरिंग कोणी आणि कधी केले, आधीच्या भाडेकरूने त्यात काय फेरफार केले, हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून गीझर, एसी किंवा वॉशिंग मशीन विकत घेण्यापूर्वीच परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून त्या जागेची तपासणी करून घ्यावी. उपकरण बसवणारा दारात उभा असताना केलेली तपासणी घाईचीच होते.

पहिला प्रश्न भाराचा. उपकरणावर लिहिलेल्या वॅटला व्होल्टेजने भागले की प्रवाह कळतो: २३० व्होल्टवर ३००० वॅटचा गीझर सुमारे १३ अँपिअर घेतो, म्हणजे त्याला ६ अँपिअरचे साधे सॉकेट चालत नाही, १६ अँपिअरचेच लागते. मात्र सॉकेट मोठे दिसते म्हणून त्यामागची तार जाड असतेच असे नाही. दिव्या-पंख्यांच्या दीड चौरस मिलिमीटर तारेवरच मोठे सॉकेट बसवलेले अनेकदा आढळते. अशा भाराला तांब्याची किमान अडीच आणि अंतर लांब असल्यास चार चौरस मिलिमीटरची तार, तीही थेट मुख्य बोर्डापासून स्वतंत्र ओढलेली असावी. एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप बंद पडणारा स्विच, वारंवार पडू लागल्यास त्या जागी जास्त अँपिअरचा बसवून घेणे हा उपाय सर्वांत घातक आहे, कारण एमसीबी तारेच्या क्षमतेनुसार निवडलेला असतो आणि तो न पडल्यास भिंतीतली तार तापत राहते.

दुसरा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा अर्थिंगचा, म्हणजे गळालेली वीज जमिनीत नेणाऱ्या जोडणीचा. माझ्या एका जुन्या भाड्याच्या घरात सॉकेटची प्लेट उघडली, तेव्हा अर्थच्या स्क्रूला हिरव्या तारेचा बोटभर तुकडा जोडलेला होता आणि त्याचे दुसरे टोक त्याच सॉकेटच्या न्यूट्रलमध्ये, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेच्या जोडणीत, खोचलेले होते. फेज (वीज आणणारी तार) आणि अर्थ यांच्यामध्ये धरलेला टेस्टर दिवा व्यवस्थित लागत होता. अशा जोडणीत न्यूट्रल मागे कुठेतरी तुटला, तर उपकरण चालू असताना त्याच्या धातूच्या अंगावर थेट फेजचा दाब येतो आणि ओल्या हाताने नळाला लागणारा माणूस तो झेलतो. त्यामुळे केवळ दिवा लागतो यावर समाधान न मानता प्लेट उघडून अर्थची तार कुठवर जाते हे पाहण्यास आणि अर्थिंगचा रोध मीटरने मोजण्यास सांगावे.

बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का, हेही पाहावे आणि त्याचे टेस्ट बटण दाबावे. तो तत्काळ पडला नाही, तर बदलावा लागेल. अर्थिंगची जागा तो घेत नाही, आणि एकाच वेळी फेज व न्यूट्रल दोन्हींना स्पर्श झाला तर तो वाचवतोच असेही नाही.

प्रत्यक्ष बसवताना मेन स्विच बंद करून, तार निर्जीव झाल्याची खात्री करूनच काम सुरू होऊ द्यावे. भिंतीत छिद्र पाडताना स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत तारा असण्याची शक्यता धरावी. बसवणारा प्लग कापून तारा पिळून टेप गुंडाळू लागला, किंवा हिरवी तार आखूड पडते म्हणून सोडून देऊ लागला, तर तिथेच थांबवावे. गीझर किंवा एसी एक्स्टेंशन बोर्डवर तात्पुरताही चालवू नये.

काम झाल्यावर उपकरण अर्धा तास चालवावे, मग स्विच बंद करून प्लग काढावा आणि पिनांजवळ हात नेऊन पाहावा. पिना गरम लागत असतील, तर जोडणी सैल आहे. १३ अँपिअर प्रवाहात सैल जोडाचा रोध अवघा अर्धा ओहम असला तरी तिथे सुमारे ८५ वॅट उष्णता तयार होते. एवढ्यात प्लास्टिक तपकिरी पडते, आणि प्रवाह मर्यादेतच असल्याने एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

घरमालकाची परवानगी लेखी घ्यावी. साधा संदेशही चालेल. सॉकेट उघडल्याची छायाचित्रे त्यासोबत पाठवावीत आणि नव्या तारेचा खर्च कोण करणार, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरवावे. मालक अर्थिंग दुरुस्त करण्यास नकार देत असेल, तर उपकरण खोक्यातच ठेवावे. घर सोडताना उपकरण काढून नेल्यास मागे उरलेली टोके बोर्डाकडूनच सोडवून घ्यावीत, नुसती टेप लावून लोंबती ठेवू नयेत.