उमेदवाराचा खर्च तपासायचा तर खुर्च्या मोजा

विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख, लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे. बीड-परभणीकडची एखादी मोठी सभा पाहिलेल्याला यावर हसू येईल. तरी बहुतेकांचा हिशेब मर्यादेत बसतो. तो कसा बसवला, हे उमेदवाराच्या खर्चाच्या नोंदवहीत दिसतं.

निकालानंतर ३० दिवसांत उमेदवार हिशेब जिल्हाधिकारी कार्यालयात देतो. तिथल्या निवडणूक शाखेत अर्ज करा. निवडणूक संचालन नियमांतल्या नियम ८८ प्रमाणे हिशेब पाहण्याची फी १ रुपया, साक्षांकित प्रतीचे पैसे वेगळे. अर्जात दैनंदिन (पांढरी), रोख (गुलाबी) आणि बँक (पिवळी) अशा तिन्ही नोंदवह्यांची नावं लिहा. नुसतं 'हिशेब' लिहिलं तर गोषवारा हातात देऊन बोळवण होते. खर्च निरीक्षकाचं पथक उमेदवाराच्या खर्चाची स्वतःही नोंद ठेवतं, ती 'छाया निरीक्षण नोंदवही' वेगळी मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज टाका.

आता एकूण बेरीज बाजूला ठेवा आणि मोठ्या सभेचा एकच दिवस धरा. खुर्ची, मंडप, जीप, चहा, जेवण यांचे दर जिल्हा प्रशासनाच्या दरसूचीत ठरलेले असतात, त्यामुळे दरात फारशी हातचलाखी होत नाही. ती होते संख्येत. मैदानात पाच हजार खुर्च्या आणि वहीत आठशे. म्हणून सभेच्या दिवशीच खुर्च्यांची एक रांग मोजा, रांगांनी गुणा, उभ्या गाड्यांचे नंबर टिपा, फोटो काढा. नंतर आठवणीवर सांगितलेला आकडा कुणी धरत नाही. सी-व्हिजिल या निवडणूक आयोगाच्या ॲपवर तक्रार करायची तर फोटो ॲपमधूनच काढावा लागतो, गॅलरीतला चालत नाही.

स्टार प्रचारकाचा प्रवासखर्च, हेलिकॉप्टरसुद्धा, पक्षाच्या खात्यात जातो, आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. पण उमेदवार त्याच मंचावर बसला, तर सभेचा खर्च त्याच्याही नावावर पडतो. मंचाचा फोटो त्यासाठी हवा. अर्ज भरण्याआधीच्या गणपती-दहीहंडीच्या बॅनरचा खर्च मात्र वहीत शोधू नका. हिशेब अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचाच असतो. ऊसतोड टोळ्यांना मतदानाला फुकट आणणाऱ्या गाड्याही सापडायच्या नाहीत. तो भ्रष्टाचारच ठरतो, वहीत कोण लिहील?

बातमीच्या वेशातली जाहिरात सिद्ध करणं सगळ्यात अवघड. भोकरच्या २००९ च्या निवडणुकीत अशा जाहिरातींचा खर्च हिशेबात दाखवला नाही, असा निर्णय आयोगाने अशोक चव्हाणांविरुद्ध २०१४ मध्ये दिला, तो त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. म्हणून एकच मजकूर दोन वर्तमानपत्रांत शब्दशः छापलेला दिसला, तर दोन्ही कात्रणं तारखेसह जपा.

निवड रद्द करा, अशी निवडणूक याचिका मतदारसंघातला कोणताही मतदार उच्च न्यायालयात करू शकतो, पण निकालापासून ४५ दिवसांतच. उमेदवार हिशेब तिसाव्या दिवशी देतो असं धरा. २०२४ च्या विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबरला लागला, म्हणजे हिशेब २३ डिसेंबरपर्यंत आणि याचिकेची मुदत ७ जानेवारीपर्यंत. वही पाहून, प्रती काढून, वकील गाठून औरंगाबाद खंडपीठात पोचायला पंधराच दिवस उरतात. अर्ज हिशेब येण्याआधीच देऊन ठेवा.