बचत गटाच्या अध्यक्षाने कर्जाच्या रांगेत शेवटी कसं राहायचं

गट मोडायची एक ठरलेली वाट आहे. पहिलं मोठं कर्ज अध्यक्षच उचलते, चार महिन्यांनी तिचा हप्ता थकतो, आणि मग बाकीच्यांकडे हप्ता मागायला तिला तोंड राहत नाही. बघता बघता सगळ्यांचेच हप्ते तुंबतात. म्हणून निःस्वार्थपणा कुणाच्या स्वभावावर सोडू नका, पहिल्याच बैठकीत त्याचा ठराव करा: वर्षभर अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष अंतर्गत कर्ज, म्हणजे गटाच्याच पैशातून मिळणारं कर्ज, सर्वांत शेवटी घेतील. इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. दवाखान्याची निकड तेवढी सोडा, कारण पदाधिकारीही गरजूच असतात. मात्र ती मागणीसुद्धा बैठकीतच, सर्वांसमोर.

आता बैठकीचा क्रम. समजा १२ जणी आहेत आणि बचत दरमहा २०० रुपये, म्हणजे २,४०० रुपये जमले. सतरंजीच्या मधोमध पैसे ठेवायचे, पहिल्या नोटा अध्यक्षाच्या. उशिराचा दंड १० रुपये असेल तर अध्यक्षालाही १० रुपयेच. रक्कम मोठ्याने मोजून प्रत्येकीच्या पासबुकात तिथल्या तिथे नोंद करा. "घरी जाऊन लिहिते" इथूनच हिशेब बिघडतो.

मग कर्जाच्या मागण्या. इथे अध्यक्षाने सर्वांत शेवटी बोलावं. ती आधी बोलली की बाकीच्या माना डोलावतात आणि जिला खरी नड आहे ती गप्प बसते. कर्ज देताना परतफेडही तिथेच वाचून दाखवा: ५,००० रुपये, दरमहा २ टक्के, १० हप्ते. पहिल्या महिन्यात ५०० मुद्दल आणि १०० व्याज, दुसऱ्या महिन्यात व्याज ९०, कारण मुद्दल ४,५०० उरलं.

सगळ्यात चिवट दुखणं म्हणजे दुसरीच्या नावावर उचललेलं कर्ज. "तू घे, मी फेडते," असं अध्यक्षाने म्हटलं की गरीब सभासदाला नाही म्हणता येत नाही. यावर उपाय दोन. दर बैठकीत प्रत्येकीची बाकी आणि कर्जाचं कारण नावानिशी वाचा. जावा-जावा किंवा सासू-सून एकाच गटात असतील तर त्या घराची बाकी एकत्र मोजा.

बँकेच्या खात्यावर तिघींच्या सह्या नोंदवून कुठल्याही दोघींच्या सहीने व्यवहार ठेवा. कोऱ्या चेकवर सही कधीही नको, अगदी विश्वासाची बाई असली तरी. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या. उरलेली रोकड दुसऱ्याच दिवशी बँकेत.

नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेबलेखन ही पंचसूत्री तीन महिने पाळली की उमेदचा, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा, गट फिरत्या निधीसाठी (सभासदांना आळीपाळीने कर्जाऊ देण्यासाठी गटाला मिळणारी रक्कम) पात्र ठरू शकतो. हा पैसा आला की खरी परीक्षा सुरू होते, तेव्हा वरचा ठराव पुन्हा मोठ्याने वाचा. प्रशिक्षणाला आणि अभ्यासदौऱ्यालाही पाळीपाळीने वेगवेगळ्या जणी पाठवा.

दोन वर्षांनी पद बदला. जुन्या अध्यक्षाने नव्या सह्यांचा ठराव बँकेत नोंदवला जाईपर्यंत थांबावं, नाहीतर खातं अडकतं. वह्या, चेकबुक आणि शिक्का यादी करून बैठकीत सोपवा. पुढचे तीन महिने तिने नव्या सचिवाशेजारी बसावं, वही मात्र नवी सचिवच लिहील.