पीओई: एकाच केबलमधून डेटा आणि वीज नेताना या चुका टाळा

पीओई, म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट: नेटवर्कच्या केबलमधूनच उपकरणाला वीज देणं. अशा केबलवर दिवसभर नीट चालणारा कॅमेरा अंधार पडला की सारखा रीस्टार्ट होतो. बहुतेक जण आधी कॅमेराच बदलतात, आणि नवाही तसाच वागतो. कारण साधं आहे. रात्री इन्फ्रारेड एलईडी लागतात, कॅमेरा जास्त वीज ओढतो आणि तेवढी वीज केबलच्या दुसऱ्या टोकाला पोचत नाही.

लिंकचा दिवा लागला म्हणजे केबल चांगली, ही समजूत आधी सोडा. डेटाच्या सिग्नलला नगण्य करंट पुरतो. पीओईत त्याच बारीक तारांतून शेकडो मिलिअँपिअर जातात. दिव्यांचा साधा केबल टेस्टर तार तुटली आहे का एवढंच सांगतो. रेझिस्टन्स, म्हणजे तारेचा विजेला होणारा अडथळा, किती, ते त्याला कळत नाही.

सर्वाधिक त्रास देते ती सीसीए केबल, म्हणजे वरून तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम. स्वस्त पडते म्हणून सर्रास घेतली जाते. तिचा रेझिस्टन्स शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, त्यामुळे व्होल्टेज जास्त पडतं, केबल तापते, आणि क्रिंप केलेलं (कनेक्टर दाबून बसवलेलं) टोक पुढे सैल होऊ शकतं. तार पात्याने खरवडून पाहा. आत चांदीसारखी पांढरी दिसली तर ती केबल पीओईला वापरू नका. अनेक केबल्सचा जुडगा बांधलेला असेल तर मुळीच नको, कारण मधल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही.

चांगल्या केबलमध्येही घट असतेच. २००३ च्या ८०२.३एएफ या पीओईच्या मानकात स्विचचा (केबलला डेटा आणि वीज देणाऱ्या यंत्राचा) पोर्ट १५.४ वॅट देतो, पण उपकरणाने १२.९५ वॅटच धरायचे. २००९ च्या ८०२.३एटीमध्ये हेच आकडे ३० आणि २५.५ आहेत. शिवाय स्विचचं विजेचं एकूण बजेट वेगळं असतं. प्रत्येक पोर्ट ३० वॅटचा असला, तरी आठही पोर्टना मिळून १२० वॅटच उपलब्ध असू शकतात. खरेदीआधी हा एकूण आकडा बघा.

पॅसिव्ह इंजेक्टरशी (केबलमध्ये थेट वीज घालणाऱ्या साध्या अडॅप्टरशी) मात्र फार जपून. मानकाप्रमाणे चालणारा स्विच आधी कमी व्होल्टेज देऊन समोर सुमारे २५ किलोओहमची खूण आहे का ते तपासतो, मगच पूर्ण वीज सोडतो. पॅसिव्ह इंजेक्टर काहीही न विचारता वीज सोडतो. २४ व्होल्टच्या उपकरणाला ४८ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर लावला तर ते जळू शकतं. लेबलवरचं व्होल्टेज आणि पिनची जोडणी जुळल्याशिवाय प्लग घालू नका. त्यात २४ व्होल्टवर लांब केबल आणखी नडते: १२.५ ओहमच्या वाटेत अर्धा अँपिअर वाहिला की ६.२५ व्होल्ट वाटेतच जातात.

लांबीची मर्यादा १०० मीटर, त्यात दोन्हीकडच्या पॅच कॉर्डही (जोडणीच्या छोट्या केबल्स) आल्या.

दोष शोधताना उपकरण काढून स्विचजवळ आणा आणि खात्रीच्या छोट्या तांब्याच्या केबलने जोडा. कॅमेरा असेल तर लेन्स झाकून इन्फ्रारेड एलईडी लागू द्या. तिथे तो नीट चालला, तर दोष मूळ केबलमध्ये किंवा टोकांत आहे. आधी दोन्ही कनेक्टर कापून नवे क्रिंप करा. तरी फरक पडला नाही, तर केबल बदला. स्विचजवळही रीस्टार्ट होत असेल, तर इतर पोर्ट मोकळे करून पाहा. तेवढ्याने थांबलं, तर बजेट अपुरं पडतंय.