भर दुपारी पिकाखाली वाकून बघा

पावसाने उघडीप दिली की सगळ्यांचे डोळे शेंड्याकडे जातात. पीक किती वाढलं, पान किती काळंभोर झालं! खरा हिशेब जमिनीवर असतो. निरभ्र दिवशी बाराच्या सुमारास दोन ओळींच्या मध्ये बसा आणि मातीवर ऊन किती पडतंय ते बघा.

कोवळ्या पिकात माती उघडी दिसणारच. पण फुलोरा आला तरी ओळी मिटल्या नसतील, तर तेवढं ऊन तणाच्या वाट्याला गेलं. आता नांगे (रोप न उगवलेल्या रिकाम्या जागा) भरून उपयोग नाही. पुढच्या पेरणीला अंतर कमी करा.

उलट, खाली काळोख असेल तर? हिरवं पान उपयोगी प्रकाशापैकी साधारण 85 टक्के शोषून घेतं, खाली फार थोडा झिरपतो. सोयाबीन, कापसासारख्या आडव्या पानांच्या पिकात जमिनीच्या तीन-चार पट क्षेत्रफळाची पानं झाली की 90 टक्क्यांच्या आसपास प्रकाश अडतो. त्यापुढची पानं सावलीत बसून खाणारी. भात-गव्हाची उभी पानं यात शहाणी: भर उन्हातला बराच प्रकाश या पिकांच्या एकट्या पानाला पचतच नाही, तो उभ्या पानांमधून खालच्यांपर्यंत पोचतो. मका, ज्वारी, ऊस यांची भूक मात्र भर उन्हातही भागत नाही. म्हणून आंतरपीक निवडताना त्यांच्यावर उंच झाडाची सावली पडू देऊ नका.

दाटीत आणखी एक गंमत होते. पानांतून गाळून आलेल्या उजेडात लाल प्रकाश कमी उरतो. झाडाला त्यावरून शेजाऱ्याची चाहूल लागते आणि ते उंच पळू लागतं. पेरं, म्हणजे खोडाच्या दोन गाठींमधले भाग, लांबतात, खोड बारीक राहतं, मग वाऱ्याने पीक लोळतं. अशा शेतात युरियाचा पुढचा हप्ता थांबवा. माझ्या मते अर्धी दाटी त्यानेच होते. तुरीचा शेंडा फुलोऱ्याआधी खुडा, फांद्या फुटतील. फळबागेत आतल्या, एकमेकींवर चढलेल्या फांद्या विरळ करा. झाडाखाली हलते कवडसे दिसले की पुरे, लख्ख ऊन नको.

खालची पिवळी पानं तोडत बसू नका. रोग नसेल तर त्यांतलं बरंचसं नत्र आधीच वरच्या पानांत गेलेलं असतं.

ढगाळ दिवशी ही पाहणी टाळा. तेव्हा उजेड सगळीकडून येऊन आतवर शिरतो आणि दाट पीकही विरळ भासतं. आठ-दहा दिवसांनी त्याच जागी पुन्हा बसा.